सुकतीची जागा

तस्नीमने बूट न काढताच होडीत पाय टाकला, आणि लिनोला सकाळपासून हवं होतं ते समाधान मिळालं. पांढरे, जाड तळव्यांचे, डोंगर चढायचे बूट. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात आधी एक बुडाला, मग दुसरा बुडाला, आणि ती बाई "पाणी कोमट आहे की" म्हणून हसली. लिनोने होडीवाल्या मुनीरकडे पाहिलं. मुनीर दोरी सोडण्यात फारच गुंतल्यासारखं दाखवत होता.

“अंकल, तुम्ही पुढे बसाल का? म्हणजे जागा दाखवायला बरं पडेल,” ती म्हणाली.

अंकल! बंदर खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला मालवणात कोणी लिनोबाब म्हणे, कोणी फर्नांडिससाहेब म्हणे. अंकल तो आपल्या सख्ख्या भाच्यांनाही म्हणू देत नसे. पण आज त्याने जिभेला लगाम घातला होता. तो मुकाट पुढे जाऊन बसला, टोपी खाली ओढली आणि मुनीरला निघायची खूण केली.

ही तस्नीम मुंबईच्या एका कंपनीची. शहरातल्या लोकांना गळ टाकायला सुंदर सुंदर ठिकाणी घेऊन जायचं, असा त्या कंपनीचा धंदा होता. आजोळ इकडचंच आहे, असं ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. लिनोने ते ऐकून सोडून दिलं होतं. इकडचं आजोळ असलेली माणसं होडीत बूट घालून बसत नाहीत. तिला हवी होती अशी जागा, जिथे मासाही लागेल, देखावाही छान असेल आणि बसल्या जागेवरून पशुपक्षीही दिसतील. हे सगळं एकाच ठिकाणी मागणारा माणूस मासे मारायला निघालेला नसतो, मुलगी बघायला निघालेला असतो, असं लिनोने घरी बायकोला, क्लेमेंटिनाला, सांगितलं होतं, आणि स्वतःच्याच विनोदावर तो जेवण होईपर्यंत खूश होता.

त्यातून कहर म्हणजे, ही माणसं मासा खात नसत. गळाला लागलेला मासा ओला हात करून अलगद धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा, काही जण तर म्हणे त्याचा मुकाही घ्यायचे, आणि मग त्याला परत पाण्यात सोडायचं. तस्नीमने हे अभिमानाने सांगितलं होतं. लिनोच्या मते खायचं नसेल तर मासा मारू नये आणि मारला तर काटा चोखेपर्यंत खावा. भुकेविना त्या मुक्या जिवाच्या ओठात लोखंड घालून वर त्याला दया दाखवायची, याला काय म्हणावं ते त्याला कळत नव्हतं. तो मनातल्या मनात त्यांना मुकेवाले म्हणू लागला होता.

मग असल्या लोकांना जागा दाखवायचं काम त्याने पत्करलंच का? क्लेमेंटिनानेही हेच विचारलं होतं. उत्तर एकच होतं: काजऱ्याचा डोह.

खाडी वर जाता जाता दुसऱ्या वळणावर काळ्या खडकाखाली पाणी एकदम खोल होतं. वर काजऱ्याचं एक झाड पाण्यावर ओणवं झालेलं, दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी. बाहेरून बघणाऱ्याला तिथे आत काही आहे असं वाटायचंही नाही. लिनो तरुणपणापासून तिथे बसत आला होता. भरती लागली की तांबोशी मासळी त्या खडकाच्या पोटात शिरायची, आणि तिच्यामागून पाणमांजरं यायची. नर, मादी, कधी त्यांची पिल्लं. ती खडकावर लोळत, मासा डोक्याकडून कडाकडा खात, एकमेकांना चावत, आणि लिनोकडे एकदा बघून पुन्हा आपल्या उद्योगाला लागत. त्यांना त्याची भीती वाटेनाशी झाली त्या दिवशी तो घरी जाऊन कोणाशी बोलला नव्हता. जे प्रेम माणसांच्या वाट्याला त्याच्याकडून फारसं आलं नाही, ते सगळं त्या खडकावर सांडलेलं होतं. क्लेमेंटिनाला हे ठाऊक होतं आणि तिने ते मनाला लावून घेणं केव्हाच सोडलं होतं.

ही जागा आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही, अशी त्याची खात्री होती. एका वाऱ्यापावसात मुनीरने तिथे होडी लपवली होती, तेवढा एक मुनीर सोडून. आता आपण नाही म्हटलं तर ही बाई दुसरा कोणी पकडणार, आणि तो तिला नेमकं तिथेच नेऊन सोडणार. त्यापेक्षा आपणच पुढे बसावं, आणि तिला सगळी खाडी दाखवून तो एक डोह तेवढा दाखवू नये. लिनोने पक्का बेत केला होता. जागा निवडायच्या त्या भिकार, आणि न्यायचं ते सुकतीला.

सुकती म्हणजे ओहोटी. गरीवाल्याच्या, म्हणजे गळ टाकणाऱ्याच्या, लेखी ती मेलेली वेळ. पाणी ओसरतं, मासा खोल जातो, काठ उघडे पडतात, वास सुटतो. सुकती लागली की शहाण्याने दोरी गुंडाळून घरी जावं आणि जेवून झोपावं, हा नियम लिनोने जन्मभर पाळला होता. बाईचं मन विटवायला याहून चांगली वेळ नव्हती.

तेव्हा पहिल्यांदा त्याने तिला धक्क्यालगतची जागा दाखवली, जिथे पाण्यावर डिझेलचा तवंग होता. मग पुलाखालची, जिथे डोक्यावरून एसटी गेली की बोलणं थांबवावं लागे. मग बंद पडलेल्या कोळंबीच्या तळ्यांमागची, जिथे एक मेलेलं कुत्रं अडकलं होतं. ते कुत्रं लिनोच्या बेतात नव्हतं, पण त्याने मनोमन देवाचे आभार मानले. तस्नीमने प्रत्येक जागा शांतपणे पाहिली, आभार मानले आणि पुढे चला म्हणाली. ती चिडत नव्हती, कंटाळत नव्हती. तिच्या या चिकाटीचा लिनोला राग येऊ लागला.

मग तिने फोन काढला, त्यावरचा नकाशा बोटांनी मोठा केला आणि लिनोसमोर धरला.

“इथे काय आहे, अंकल? हे दुसऱ्या वळणावर. पाणी एकदम गडद दिसतंय.”

लिनोने तिच्या बोटाखालचं वळण ओळखलं. आभाळातून कोणीतरी त्याच्या डोहाचा फोटो काढून ठेवला होता आणि तो या बाईच्या खिशात होता.

“थंय काय नाय,” तो पटकन बोलून गेला, आणि मग कचेरीतल्यासारखं सावरून म्हणाला, “खडक आहेत. होडी लागत नाही. बघण्यासारखं काही नाही.”

तिने मान वळवून मुनीरकडे पाहिलं. मुनीरने मशीनचा आवाज उगाच थोडा वाढवला आणि कमी केला.

“बाब सांगतत तां खरां,” तो म्हणाला.

लिनोला त्याचे उपकार वाटायला हवे होते. त्याला वाटली ती चीड. बोटीवाल्याच्या मेहेरबानीवर आपला डोह राहावा! आता ही बाई आणखी काही विचारायच्या आत तिला इतक्या घाण ठिकाणी न्यायला हवं होतं, की तिने आपण होऊन परत फिरायला सांगावं.

“मुनीर, खाजणात घे.”

“मोडक्या बांधार?” मुनीर जरा थबकला. “आता सुकती आसा, बाब. थंय बायो असतल्यो.”

“असांदेत. आमी खंय तेंका बघूक जातंव?”

मुनीर आणखी काही बोलणार होता. लिनोने तोंड फिरवलं आणि विषय संपला.

मोडक्या बांधाचं खाजण म्हणजे एके काळी भातशेती होती. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, मालकाची मुलं मुंबईला गेली आणि फुटलेला बांध तसाच राहिला. भरतीला तिथे गुडघाभर पाणी भरायचं. लिनो वर्षानुवर्षं भरतीत त्यावरून डोहाकडे गेला होता आणि त्या उथळ पाण्याला त्याने कधी थांबण्याच्या लायकीचं समजलं नव्हतं. आता होडी आत शिरली तेव्हा पाणी उतरून चिखल दूरपर्यंत उघडा पडला होता. मधून एक अरुंद पाट तेवढा वाहत होता. कुजका, खारट वास नाकात बसत होता. लांब, बांधाच्या अंगाला, पाच-सहा बायका काष्टा मारून ओणव्या होऊन तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या. लिनोने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि त्याला बरं वाटलं. याहून ओंगळ जागा सगळ्या खाडीत सापडली नसती.

“ही शेवटची,” तो म्हणाला.

तस्नीम उठून उभी राहिली होती.

चिखल हलत होता. आधी लिनोला तो उन्हाचा भास वाटला. मग कळलं की ते लाल नांगीचे खेकडे आहेत, हजारोंनी, एक नांगी वर करकरून परत खाली नेणारे. त्यांच्यामधून पाखरं फिरत होती. लांब वाकड्या चोचीची, आखूड सरळ चोचीची, धावत जाऊन टपकन थांबणारी, थवेच्या थवे. पाटाच्या काठाला बगळे रांगेने उभे होते. बांधावरच्या सुकलेल्या झाडावर समुद्री गरुड बसला होता. तो उठला तसा चिखलावरचा एक अख्खा थवा त्याच्यासह वर गेला, हवेत वळताना पांढरा झाला, पुन्हा वळून करडा झाला आणि पलीकडे जाऊन उतरला.

“हे कुठले?” तस्नीमने हळू आवाजात विचारलं. “त्या लांब चोचीचे?”

लिनोला माहीत नव्हतं. डोहावरचा एकूण एक खंड्या तो ओळखत होता, पण ही पाखरं भरतीला इथे नसत.

“चिखलातली पाखरं,” तो म्हणाला. “येतात आणि जातात.”

ती खाली उतरली. बुटांसकट पाय पोटरीपर्यंत रुतले आणि लिनोला पुन्हा एकदा बरं वाटलं. पण त्याची ती मजा टिकली नाही. तिने तसंच चिखलात उभं राहून आपला तो गुळगुळीत, पैशाचा माज असलेला गळ काढला आणि पाटात टाकला. कोण सुकतीला गळ टाकतं? लिनो मुनीरकडे बघून हसलासुद्धा. तेवढ्यात दोरी ताणली गेली. पाणी उतरल्यावर सगळी कोळंबी त्या अरुंद पाटात कोंडली होती आणि तिच्यासाठी चणाक तिथे येऊन थांबला होता. चांगला हातभर चणाक! तस्नीमने तो चिखलात बसून बाहेर घेतला, ओल्या हातांनी धरला, मुका काही घेतला नाही, आणि परत सोडून दिला. लिनो सोडलेल्या माशाकडे बघत राहिला. रात्रीचं कालवण डोळ्यांदेखत पाण्यात गेलं होतं.

ती परत होडीकडे आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. हिशेबी, धंद्याचा चेहरा. बायका तिसऱ्या वेचत थोड्या पुढे सरकल्या होत्या आणि त्यांच्या सरकण्याने जवळची पाखरं उठली होती. तस्नीमने ते पाहिलं.

“त्या बायका रोज येतात का, अंकल? म्हणजे, ही जागा कोणाच्या वापरातली असेल तर मला आधी कळायला हवं.”

प्रश्न सरळ होता. तिने तो सरळच विचारला होता. लिनोला त्या क्षणी एवढंच दिसत होतं, की ही मूर्ख बाई त्याच्या डोहाला सोडून चिखलावर भाळली आहे, आणि आता एकच वाक्य बोललं की सुटलो.

“कोणी नाहीत त्या,” तो म्हणाला. “कधीमधी येतात. सांगितलं की दुसरीकडे जातील.”

मुनीरने मशीन सुरू केलं. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही, आणि बडबड्या मुनीर गप्प आहे म्हणून लिनोला ती वाट फारच सुखाची वाटली.

घरी आल्यावर त्याने क्लेमेंटिनाला सगळं रंगवून सांगितलं. बूट, कुत्रं, नकाशा, चिखल. मुकेवाल्यांनी सगळ्या खाडीतून नेमका चिखल पसंत केला, हे सांगताना त्याला हसू आवरेना. क्लेमेंटिना सांदणांसाठी तांदूळ निवडत होती. ती हसली नाही.

“सुबद्राबाय थंयसूनच हाडता ना तिसऱ्यो?” तिने विचारलं.

सुभद्रा म्हणजे दर आठवड्याला मागच्या दारी टोपली घेऊन येणारी बाई. तिच्या तिसऱ्यांचं सुकं लिनो बोटं चाटून खात असे. त्या तिसऱ्या कुठून येतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

“खंयसून पण हाडूं दे,” तो म्हणाला.

पुढची कामं कंपनीने झटपट उरकली. बांधाच्या मालकाची मुंबईतली मुलं, ज्यांना आपला बांध कुठे आहे हेही सांगता आलं नसतं, त्यांनी तो आनंदाने भाड्याने दिला. बांधावर बांबूच्या चार झोपड्या आल्या, पाटाकडे जाणारी एक लाकडी वाट आली, दारावर राखणदार आला. पावसाळा सरला तसे मुकेवाले येऊ लागले. लिनो कधी बाजारात गेला की त्याला ते दिसत: अंगभर खिसे असलेली जाकिटं, डोळ्यांवर आरसे, हातात दुर्बिणी, आणि चणाक हा शब्द उच्चारताना होणारी त्यांची त्रेधा. मासळी बाजारात सुरमईच्या तुकड्यापुढे उभे राहून ते नाकाला रुमाल लावत आणि तासाभरापूर्वी सोडून दिलेल्या माशाच्या आठवणीने हळवे होत. लिनो त्यांच्याकडे बघून मनसोक्त नाक मुरडे. त्याला कसलाच पश्चात्ताप नव्हता. उलट, त्याने सगळ्या खाडीच्या वतीने एक लढाई जिंकली होती, आणि ती जिंकल्याचं कोणालाही कळणार नव्हतं, याची थोडी खंतच होती.

डोह तसाच होता. पावसानंतर तो पहिल्यांदा तिथे जाऊन बसला तेव्हा मादीबरोबर नवी पिल्लं होती. ती खडकावरून घसरत पाण्यात पडत होती आणि पुन्हा चढत होती. लिनोने गरी टाकलीच नाही. भरती भरून येईपर्यंत तो नुसता बघत बसला, आणि आपण हे वाचवलं या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

मुनीर आता कंपनीच्या पाहुण्यांची ने-आण करत असे. एकदा तो बाजारात समोर आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला की, बायांना खाजणात यायचं बंद केलंय. त्या आल्या की पाखरं उठतात आणि पाहुणे नाराज होतात. बांधावरून जायची वाटच राखणदाराने अडवली आहे. आणि दुसरीकडून उतरावं तर कमरेएवढ्या चिखलातून जावं लागतं. तस्नीमबाई म्हणाल्या, आम्ही आधी विचारलं होतं.

“जातल्यो दुसरीकडे,” लिनो म्हणाला. “खाडी काय थोडी आसा?”

मुनीर त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर लिनोला तो परतवता आला असता.

“होय,” मुनीर म्हणाला, आणि मोटारसायकल वळवून गेला.

त्यानंतर सुभद्रा मागच्या दारी आली नाही. क्लेमेंटिनाने एक-दोनदा तिची आठवण काढली. लिनोने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि बाजारातून दुसऱ्या बाईकडून तिसऱ्या आणल्या. त्या वाळूच्या निघाल्या. क्लेमेंटिनाने त्या तशाच शिजवून त्याच्या ताटात वाढल्या.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येऊन तो मागच्या अंगणात दोरीचा गुंता सोडवत बसला होता, तेव्हा सुभद्रा आली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. त्या विहिरीपाशीच थांबल्या. सुभद्राच्या डोक्यावर टोपली नव्हती. ती पायरीखाली उभी राहिली आणि क्लेमेंटिनाने बस म्हटलं तरी बसली नाही.

लिनोला वाटलं, आता आली ही भांडायला. मुनीरने तोंड उघडलं असणार. त्याने मनात सगळी तयारी केली. जमीन तुमची नव्हती. कंपनीशी माझा संबंध नाही. मी फक्त होडीत बसलो होतो. एकेका वाक्याला त्याने धार लावून ठेवली, आणि या बायकांनी आपल्याला जाब विचारावा याचा त्याला आधीच संताप येऊ लागला.

“लिनोबाब, तुमका एक विचारूक इलंव,” सुभद्रा म्हणाली.

“विचार.”

“खाजणात आता आमका येवक देनत नाय. तुमका म्हायत असतलां.” ती जरा थांबली. “काजऱ्याकडल्या खडपार कालवां आसत. सुकतेर आमी थंय इलंव तर तुमका चलात काय?”

लिनोच्या हातातली दोरी थांबली.

“काजऱ्याकडे?” तो म्हणाला. “ती जागा तुका कोणी दाखवल्यान?”

सुभद्राला प्रश्नच कळला नाही. तिने मागे वळून त्या दोघींकडे पाहिलं.

“दाखवूची कित्याक? तुमची बसूची जागा ती. माझी सासू सांगी, थंय लिनोबाब बसता, थंय कोणी जावचां नाय. म्हणान आमी कधी गेलंव नाय. एवढी कालवां आसत, तरी नाय.”

ज्याची जिथे बैठक, तिथे दुसऱ्याने विचारल्याशिवाय जायचं नाही, ही रीत लिनोला माहीत होती. खाडीवरचे सगळे गरीवाले ती पाळत. लिनो स्वतः कसोशीने पाळी. चिखलात वाकलेल्या बायकाही ती पाळत असतील, आणि त्याच्यासाठी पाळत असतील, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“आणि ती पाणमांजरां आसत ना,” विहिरीपाशी उभ्या असलेल्यांपैकी एक जण म्हणाली. तिला वाटलं असावं की बाब तेवढ्यासाठी अडलेत. “पोरांक आमी दम दिलेलो आसा, थंय धोंडे मारूक गेलास तर बघा म्हणान. लिनोबाबाची जनावरां ती.”

क्लेमेंटिना दारात उभी होती. लिनोने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

खडकाला घट्ट चिकटलेली कालवं काढायला लोखंड लागतं. खडकावर ते रोज वाजू लागलं की पाणमांजरं तिथे राहणार नाहीत, हे त्याला लगेच कळलं होतं. पिल्लं अजून लहान होती. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता, आणि तो म्हटला असता तर या बाया खरंच गेल्या नसत्या. त्याला नाही म्हणता येत होतं, हेच त्याला सहन होत नव्हतं. त्यांनी वाद घातला असता, शिव्या दिल्या असत्या, सरळ जाऊन कालवं फोडली असती, तर तो त्यांना जन्मभर नावं ठेवत सुखाने जगला असता.

“तुमी नको म्हटलास तर आमी जावचंव नाय,” सुभद्रा म्हणाली. “बघतलंव खंयतरी.”

“येवा,” लिनो म्हणाला. मग त्याने जरा मोठ्याने परत म्हटलं, “येवा तुमी.”

सुभद्राने हात जोडले. विहिरीपाशी उभ्या असलेल्या दोघींनीही जोडले. कोणीतरी त्याला देव बरं करो म्हणालं. लिनो दोरीच्या गुंत्याकडे बघत होता आणि त्याला त्यातलं एक टोकही सापडत नव्हतं.

जाता जाता सुभद्रा वळली. बाबांचं तोंड उतरलंय, ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि त्यांना धीर देणं तिला आपलं काम वाटलं.

“तुमी काय जीवाक लावन घेव नकात,” ती म्हणाली. “तुमी भरतेर येतास. आमी सुकतेर येतलंव आणि भरती लागाच्या आदी निघान जातलंव. तुमका आमी दिसूचंवसुद्धा नाय.”